जाळ्याबाहेरची माणसे

१९९५ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकन सरकारच्या वाणिज्य खात्याने एक छोटेखानी अहवाल प्रसिद्ध केला. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ लावायचा तर 'जाळ्यातून निसटताना' असा काहीसा होईल. ग्रामीण आणि शहरी अमेरिकेतल्या 'नाही रे' मंडळींची ही पाहणी आहे, असे खाली उपशीर्षकात म्हटले होते. 'आहे रे' आणि 'नाही रे' हे शब्द आपण डाव्या पक्षांच्या सभांमधून आणि मराठी वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांमधून ऐकलेले. तेच शब्द वॉशिंग्टनच्या एका सरकारी खात्याने टेलिफोन, संगणक आणि मॉडेम यांच्या संदर्भात वापरावेत, याची मला अजूनही गंमत वाटते.

जनगणना खात्याने नोव्हेंबर १९९४मध्ये घरोघरी जी विचारपूस केली होती, तिच्यावर हा अहवाल आधारलेला होता. गरिबांकडे संगणक कमी आहेत, हा निष्कर्ष काढायला पाहणीची गरज नव्हती. त्यातली खरी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळी होती. ज्या थोड्या गरीब, ग्रामीण किंवा अल्पशिक्षित कुटुंबांकडे संगणक आणि मॉडेम होते, ती कुटुंबे नोकरीच्या जाहिराती शोधणे, शिकवणीचे वर्ग घेणे, सरकारी माहिती मिळवणे ह्या कामांसाठी त्यांचा वापर उत्साहाने करताना आढळली. म्हणजे ज्यांना ह्या वस्तूचा सर्वात जास्त उपयोग, त्यांच्याकडेच ती सर्वात कमी. तीस वर्षांनंतरही ह्या विषयाचे सार मला ह्या एका वाक्यात सापडते. 'डिजिटल दरी' हा शब्दप्रयोग त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत रूढ झाला आणि १९९९च्या तिसऱ्या अहवालाच्या उपशीर्षकात जाऊन बसला.

ही दरी तारेमुळे पडते, असा त्या वेळी सगळ्यांचा समज होता, आणि त्याला इतिहासाचा आधारही होता. १९३०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या दहा शेतांपैकी सुमारे एकाच शेतावर वीज पोचलेली होती. कंपन्यांचा हिशेब सरळ होता. मैलभर तार ओढायची आणि वाटेत गिऱ्हाइके दोन, मग पैसे सुटायचे कधी? शहरात त्याच मैलात शेकडो घरे. रूझवेल्ट यांनी १९३५ साली ग्रामीण विद्युतीकरणाचे खाते काढले, पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला, आणि सरकारी कर्ज घेऊन शेतकऱ्यांनी स्वतःच्या वीज सहकारी संस्था स्थापन केल्या. आपल्याकडे प्रवरा-वारणेच्या काठी साखर कारखाने उभे राहिले त्या गोष्टीशी ह्याचे नाते ज्याला दिसेल, त्याला अमेरिकन खेडे फार परके वाटणार नाही. त्यातल्या कित्येक वीज सहकारी संस्था आज त्याच खांबांवरून इंटरनेटची काचतंतूची तार नेत आहेत. हिशेबही तोच जुना आहे, मैलभर तार आणि दोन घरे.

१९९६च्या फेब्रुवारीत क्लिंटन यांनी दूरसंचाराच्या नव्या कायद्यावर सही केली. त्या कायद्याने शाळा आणि सार्वजनिक वाचनालये यांना जोडणीच्या खर्चात २० ते ९० टक्के सवलत देणारी योजना आणली. वस्ती जितकी गरीब, तितकी सवलत मोठी. तिचे पैसे येतात ते आपल्या टेलिफोनच्या बिलात शेवटी 'युनिव्हर्सल सर्व्हिस' म्हणून जी ओळ असते तिच्यातून. पुष्कळ जण ती ओळ पाहून कपाळाला आठ्या घालतात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेले आणि जून २०२५मध्ये न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी हा निधी वैध ठरवला. माझ्या मते त्या बिलातली सर्वात सार्थकी लागणारी रक्कम हीच असावी. नव्वदीत आपली मुले ज्या शाळांत शिकली, त्या शाळांच्या वर्गांपर्यंत इंटरनेट आले त्यात ह्या योजनेचा मोठा हात होता.

पण शाळेत आले म्हणजे घरी आले असे नव्हे. ऑगस्ट २०२०मध्ये कॅलिफोर्नियातल्या सलिनास गावचे एक छायाचित्र देशभर फिरले. टॅको बेल दुकानाबाहेर फरशीवर दोन लहान मुली मांडीवर लॅपटॉप घेऊन बसल्या आहेत, कारण करोनामुळे शाळा बंद, घरी इंटरनेट नाही आणि दुकानाचे वायफाय बाहेरपर्यंत येते. सलिनासपासून सिलिकॉन व्हॅली गाडीने तासा-सव्वातासाच्या अंतरावर आहे. ह्या प्रकाराला 'गृहपाठाची दरी' असे नाव जेसिका रोझेनवर्सेल ह्या संपर्क आयोगाच्या सदस्या काही वर्षे आधीपासून देत होत्या. ते छायाचित्र आल्यावर लोकांना त्याचा अर्थ लागला.

इथे एक फरक नीट ध्यानात घ्यायला हवा, कारण चर्चेत तो नेहमी निसटतो. मोंटानातल्या शेतावर तार पोचतच नाही. नेवार्क किंवा ब्राँक्समध्ये ती दारावरून जाते, पण महिन्याचे साठ-सत्तर डॉलर भरायची ऐपत नसते. पहिल्या अडचणीवर उपाय म्हणजे खांब, खड्डे आणि कंत्राटदार. दुसरीवर उपाय म्हणजे रोख मदत. नोव्हेंबर २०२१च्या पायाभूत सुविधांच्या कायद्याने तारेसाठी ४२.४५ अब्ज डॉलर काढून ठेवले आणि बिलासाठी महिना ३० डॉलर (आदिवासी जमिनींवर ७५) अशी मदत सुरू केली. दोन कोटी तीस लाखांवर कुटुंबांनी ती घेतली. पैसे संपले, काँग्रेसने नवे दिले नाहीत आणि १ जून २०२४ रोजी मदत बंद पडली. तारेच्या पैशांचे काम चालू राहिले. तारेसाठी पैसे देणे राजकारण्यांना आवडते, तिच्या उद्घाटनाला फीत कापता येते. कुणाचे बिल भरल्याबद्दल फीत कापता येत नाही. न्यूयॉर्क राज्याने मात्र वेगळी वाट धरली. तिथे जानेवारी २०२५पासून कंपन्यांना गरीब कुटुंबांसाठी १५ डॉलरची योजना ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे.

'पुरेसे इंटरनेट' म्हणजे किती, ही रेघही हलत असते. आयोगाच्या लेखी २०१५पासून सेकंदाला २५ मेगाबिट उतरवणारी आणि ३ मेगाबिट वर चढवणारी जोडणी असली की ती ब्रॉडबँड होती. मार्च २०२४मध्ये ते आकडे १०० आणि २० झाले. एका रात्रीत कित्येक वस्त्या पुन्हा 'नाही रे'मध्ये गेल्या. गाव जागच्या जागी होते, वेस पुढे सरकली.

आता तारेच्या पलीकडची गोष्ट. ती आपल्या अगदी अंगणात घडली आहे. न्यू जर्सीतल्या मर्सर काउंटीमध्ये, म्हणजे ट्रेंटन-प्रिन्स्टनच्या परिसरात, एस्टर हारगिताई ह्या तेव्हा प्रिन्स्टनला शिकणाऱ्या संशोधिकेने ५४ सामान्य रहिवाशांना निवडले, त्यांना एकेक करून संगणकापुढे बसवले आणि काही साधी कामे सांगितली. आयकराचा फॉर्म शोधा, उमेदवारांची मते ताडून पाहा, लहान मुलांनी काढलेली चित्रे कुठे दिसतात ते काढा. हे सगळे जण इंटरनेट वापरणारे होते, म्हणजे सरकारी पाहणीत 'आहे रे' म्हणून मोजले गेले असते. तरीही एकाला जे काही सेकंदांत जमले, त्यालाच दुसऱ्याला कित्येक मिनिटे लागली आणि काहींना ते साधलेच नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासाने 'दुसऱ्या पातळीची दरी' ही कल्पना मांडली. तार आहे, यंत्र आहे, तरी हात रिकामा. आयकराचा फॉर्म न सापडणारा माणूस गरीबच असतो असेही नाही, पण गरिबाला त्याची किंमत जास्त पडते, कारण त्याच्यापाशी हे काम करून घ्यायला हिशेबनीस नसतो. शिक्षण खात्याने २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका टिपणात, ह्या देशातले १६ टक्के प्रौढ, म्हणजे सुमारे ३ कोटी १८ लाख माणसे, संगणकावर काम करण्याइतपत साक्षर नाहीत असा हिशेब दिला होता. मूळ आकडे २०१२चे आहेत हे खरे, पण त्यानंतर पडद्यावर उरकायची कामेही वाढलीच आहेत.

मी काही वर्षे दर शनिवारी एका सार्वजनिक वाचनालयात 'संगणक मदत' अशी पाटी लावलेल्या टेबलापाशी बसतो. तिथे येणाऱ्यांना कुणाला 'संगणक शिकायचा' नसतो. त्यांना काहीतरी काम हवे असते आणि संगणक मध्ये उभा असतो. गोदामात नोकरी हवी आहे, अर्ज फक्त ऑनलाइन. बेकारभत्ता हवा आहे, तर दर आठवड्याला ऑनलाइन हजेरी. मुलाच्या शाळेचा फॉर्म, घरभाड्याच्या मदतीचा अर्ज, डॉक्टरकडचा चाचणीचा अहवाल, सगळे तिथेच.

अडते कुठे, ते एका गृहस्थांच्या उदाहरणावरून सांगतो. पंचावन्न-साठीचे, आयुष्यभर सामान चढवण्या-उतरवण्याचे काम केलेले, अंगाने अजून धडधाकट. नोकरीच्या अर्जाला ई-मेलचा पत्ता लागतो. तो होता, कुणा भाच्याने काढून दिलेला. पासवर्ड आठवत नव्हता. 'पासवर्ड विसरलो' हे बटण दाबले तर कळले, की सांकेतिक आकडा एका फोन नंबरवर पाठवला आहे. तो नंबर त्यांचाच, पण सहा महिन्यांपूर्वीचा. आधी पैसे भरून वापरायचा फोन होता. हप्ता चुकला तेव्हा नंबर गेला, पुढे नवा घेतला. जुना नंबर एव्हाना दुसऱ्या कुणाच्या तरी खिशात वाजत असणार. म्हणजे नंबर गेला म्हणून ई-मेल गेला, ई-मेल गेला म्हणून बेकारभत्त्याचे खाते गेले, कारण त्याचाही सांकेतिक शब्द त्याच ई-मेलवर येणार. नवा पत्ता काढावा तर जुने खाते जुन्याच पत्त्याला बांधलेले. ते सोडवायला फोन करावा तर तासभर वाट पाहायला लागते, आणि फोनमध्ये मोजकीच मिनिटे उरलेली. आम्हांला दोन शनिवार लागले. मधल्या आठवड्याचा भत्ता बुडाला.

ही सारी सुरक्षा व्यवस्था आखताना एक माणूस डोळ्यांसमोर होता. त्याचा फोन नंबर वर्षानुवर्षे तोच असतो, फोन त्याच्या एकट्याचा असतो, बिल आपोआप भरले जाते आणि घरी छापायचे यंत्र असते. आपल्यापैकी बहुतेकांनी तो माणूस ओळखला असेल. रोज सकाळी तो आपल्याला आरशात दिसतो. आपल्यातल्या कित्येकांच्या पोटापाण्याचा उद्योगच असली खाती आणि कुलुपे बनवण्याचा आहे. गरिबांचे नंबर मात्र सतत बदलतात, फोन दोघा-तिघांत मिळून असतो आणि पत्ताही टिकत नाही. एकदा बिघडले की कुलूप चोराला अडवते त्यापेक्षा मालकाला जास्त अडवते.

दुसरी अडचण म्हणजे लहान पडदा. प्यू संस्थेच्या २०२१च्या पाहणीत १५ टक्के प्रौढ अमेरिकन फक्त स्मार्टफोनवर अवलंबून होते, त्यांच्या घरी दुसरी जोडणी नव्हती. फोनवर चित्रफीत पाहणे सोपे, पैसे खर्च करणे तर त्याहून सोपे. दोन पानी अर्ज अंगठ्याने भरून पाहा, त्याला जन्मतारखांसह तीन कागद जोडून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. अर्धा भरत आला की 'वेळ संपली' अशी पाटी येते आणि पुन्हा श्रीगणेशा. विकत घेणाऱ्यासाठी फोन पुरतो, मागणाऱ्याला पुरत नाही.

भारतातली गोष्ट ह्याहून वेगळी आहे आणि एका अर्थाने जास्त चक्रावून टाकणारी आहे. तिथे तारेचा प्रश्न मोबाइलने पुष्कळसा ओलांडला. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आले, दर कोसळले आणि आपल्या गावाकडचा भाचा आपल्यापेक्षा स्वस्तात चित्रपट पाहू लागला. पण त्याआधीच्या दोन प्रयोगांकडे मागे वळून पाहण्यासारखे आहे.

१९९९ साली दिल्लीच्या कालकाजी भागात सुगत मित्र यांनी एका भिंतीत संगणक बसवला आणि पलीकडच्या झोपडवस्तीतल्या मुलांना तो मोकळा ठेवला. पुढे सिंधुदुर्ग जिल्ह्यातही असे संगणक लागले. मुले शिक्षकाशिवाय माउस हलवायला आणि चित्रे काढायला शिकली, आणि जगभर वाहवा झाली. मार्क वॉर्शावर ह्या अभ्यासकाने दिल्लीच्या भिंतीबद्दल लिहिले ते मात्र कमी लोकांनी वाचले. इंटरनेट क्वचितच चालत असे, हिंदीत काहीच नव्हते, आणि मुलांचा बराच वेळ खेळ आणि चित्रांत जाई. मुलांची हुशारी खोटी नव्हती. मुलांच्या भाषेत त्या यंत्रात काही नसेल तर ती चित्रेच काढणार.

दुसरा प्रयोग १९९८चा, वारणेचा. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकाराच्या जिवावर वारणानगरच्या परिसरातली सत्तर गावे संगणकाने जोडायची योजना केंद्र, राज्य आणि कारखाना यांनी मिळून केली. शेतमालाचे बाजारभाव, सरकारी दाखले, शेतीसल्ला असे पुष्कळ काही मनात होते. काही वर्षांनी संशोधक तिथे गेले तेव्हा गावोगावची केंद्रे प्रामुख्याने आपल्या उसाचे वजन किती भरले, खत किती मिळाले, एवढीच कामे करत होती. मग मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधनशाळेने काही गावांत ते संगणक बाजूला ठेवून साध्या मोबाइलच्या संदेशांवर तीच माहिती देऊन पाहिली. काम भागले, खर्च कमी झाला. मला ह्यात अपयश दिसत नाही. शेतकऱ्यांना काय हवे होते ते त्यांनी वापरातून सांगितले. त्याच संशोधनशाळेत काम केलेल्या केंटारो टोयामा यांनी पुढे २०१५च्या पुस्तकात मांडले, की तंत्रज्ञान हे ध्वनिवर्धकासारखे आहे. आत जे आहे तेच ते मोठे करते. चांगली शाळा असेल तर ती अधिक चांगली होते, वाईट असेल तर तिथे संगणक धूळ खात पडतो. वारणेत ऊस, वजनकाटा आणि सहकार आधीपासून होते, म्हणून तेवढे तरी चालले.

आज यंत्र घराघरांत पोचले आहे. 'प्रथम'च्या 'असर' ह्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन चालवता येत होता. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरला ५७ टक्क्यांनी आणि समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. फोन स्वतःचा होता ३६ टक्के मुलांकडे आणि २७ टक्के मुलींकडे. म्हणजे एकाच घरात, एकाच छपराखाली, दरी आहे. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) कधी ना कधी इंटरनेट वापरलेले पुरुष ५७ टक्के होते आणि स्त्रिया ३३ टक्के. सरकारने गप्प बसून राहिले असेही नाही. ग्रामीण डिजिटल साक्षरतेच्या मोहिमेत २०१७ ते २०२४ ह्या काळात सहा कोटींहून अधिक माणसांना शिकवल्याची नोंद आहे. पण वीस तासांत जे शिकवता येते त्याने फसवणारा ओळखता येत नाही, आणि 'डिजिटल अटक' करणारे तोतये पोलीस २०२४पासून घरोघरी म्हाताऱ्यांना गाठत आहेत.

तिथल्या न्यायालयांनी ह्या प्रश्नाकडे मला वाटते इथल्यापेक्षा अधिक माणुसकीने पाहिले. मे २०२१मध्ये लसीसाठी अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना फक्त 'कोविन'वरच नाव नोंदवावे लागत असे. सर्वोच्च न्यायालयाने सरकारला विचारले, की ज्याच्याकडे इंटरनेट नाही त्या खेड्यातल्या माणसाने काय करायचे? २१ जूनपासून थेट केंद्रावर जाऊन लस घेण्याची सोय झाली. त्याहून विलक्षण निकाल ३० एप्रिल २०२५चा. बँकेत किंवा सिमकार्डासाठी ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावावे लागतात, म्हणजे माणूस जिवंत आहे हे यंत्राला कळते. ॲसिड हल्ल्यात ज्यांच्या पापण्याच गेल्या त्यांनी काय करायचे? अंधांनी काय करायचे? न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि ओळख पटवण्याचे दुसरे मार्ग द्या असा आदेश दिला.

भाषेबद्दल एक अवांतर. आपल्या जुन्या अंकांच्या संगणकातल्या प्रती कुणी जपून ठेवल्या असतील तर आज उघडून पाहाव्यात. नव्वदीत आपण ज्या टंकांत मराठी उमटवत होतो, त्या प्रत्येकाची अक्षरांची मांडणी निराळी होती. तो टंक संगणकावर नसेल तर पडद्यावर दिसतो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून होती, पण सामान्य माणसाच्या विंडोजमध्ये ती नीट दिसू लागली २०००च्या सुमारास. तोवर ई-मेल रोमन लिपीत लिहायची सवय हाडीमांसी खिळली होती. माझ्या ओळखीच्या कित्येक आज्या व्हॉट्सॲपवर बोलून संदेश पाठवतात आणि झकास पाठवतात. त्यांना लिहिता येत नाही म्हणून नव्हे, तर कळफलकावर 'ज्ञ' कुठे आहे ते कुणी दाखवले नाही म्हणून.

आता आपल्या घरातल्या 'नाही रे' मंडळींकडे येतो. ती आहेत. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील पाहा. तिथला फोन इथे चालत नाही किंवा रिचार्जवाचून बंद पडतो, आणि बँकेचा सांकेतिक आकडा त्याच नंबरवर जातो. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. २०१४पासून तो डिजिटल पद्धतीने देता येतो ही मोठीच सोय, पण ती सोय चालवायला मुलगा, सून किंवा नात लागते. मोठ्या पदांवर अधिकार गाजवलेले गृहस्थ नातीपुढे फोन धरून "बाळा, आता काय दाबू?" म्हणताना पाहिले, की त्यांच्यासाठी आकड्यांपेक्षा आणखी काहीतरी हरवले आहे हे जाणवते.

आणि इथे चाळीस-पन्नास वर्षे काढलेल्या आपल्या काकू-मावश्या. त्यांतल्या एकींबद्दल लिहायची मी त्यांची परवानगी घेतली आहे, नाव देत नाही. यजमान इंजिनियर. बँक, वीजबिल, विमा, मंडळाची वर्गणी, सगळे तेच संगणकावर करत. ते गेले. दोन महिन्यांनी मुलाने त्यांचा सेल फोन बंद केला, उगाच पैसे कशाला भरायचे म्हणून. त्याबरोबर घराची सगळी कुलुपे बंद झाली, कारण प्रत्येक खात्याचा आकडा त्याच फोनवर येत होता. गोदामात काम करणारे ते गृहस्थ आणि ह्या काकू यांच्या मिळकतीत जमीन-अस्मानाचे अंतर, पण शनिवारी माझ्या टेबलापाशी दोघे एकाच अडचणीसाठी आले. काकूंना मृत्यूचा दाखला घेऊन प्रत्येक ठिकाणी जावे लागले. बँकेत माणूस भेटला तिथे काम अर्ध्या तासात झाले. ज्या कंपनीला फक्त संकेतस्थळ आहे, तिथे चार महिने गेले.

ह्याच काकूंना मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाचे तिकीट काढता आले नाही. तिकिटे फक्त ऑनलाइन, क्रेडिट कार्डावर. त्यांनी कुणाला सांगितले नाही, आल्या नाहीत इतकेच.

कार्यकारिणीची बाजू मी ऐकली आहे आणि ती खोटी नाही. धनादेश गोळा करणे, नावे मांडणे, रोख मोजणे, हे काम नोकरी-संसार सांभाळून रात्री अकराला बसून करणारी माणसे हल्ली मिळत नाहीत. बहुतेक सभासदांना ऑनलाइन सोपे पडते. छापील अंकाचा टपालखर्चही दरवर्षी वाढतो, तेव्हा तो बंद करावा हा ठराव पुन्हा येणारच. पण उरलेले जे थोडे आहेत ते कोण आहेत ते एकदा यादी काढून पाहावे. मी पाहिली. त्यांत मंडळ स्थापन करणारे आहेत. प्यूच्या आकड्यांप्रमाणे २००० साली पासष्टीवरच्या अमेरिकनांपैकी १४ टक्के इंटरनेट वापरत होते, २०२१मध्ये ७५. दरी भरत आली असे ह्यावरून म्हणता येईल. मात्र राहिलेल्या पंचवीस टक्क्यांसाठी टपाल, खिडकी आणि फोन उचलणारा माणूस २०००मध्ये होता, तो आता काढून घेतला आहे. दरी अरुंद झाली तशी खोलही झाली.

म्हणून मी कार्यकारिणीपुढे तीन गोष्टी ठेवल्या आहेत. तिकिटांसाठी एक फोन नंबर, त्यावर आठवड्यातून दोन संध्याकाळी माणूस, आणि धनादेश चालेल असे जाहिरातीतच लिहायचे. अंकाची छापील प्रत मागेल त्याला, न मागता विचारून. आणि वयस्क सभासदांपैकी ज्यांची इच्छा असेल त्यांच्या घरी जाऊन एक दुपार बसायचे. खाती कुणाच्या नावावर, आकडा कोणत्या फोनवर येतो, तो फोन बंद झाला तर काय, हे कागदावर लिहून कपाटात ठेवून द्यायचे. पतीपत्नी दोघे असताना हे करावे, एक उरल्यावर नव्हे. शिकवायला गेलेल्याने फोन स्वतःच्या हातात घ्यायचा नाही, बोट समोरच्याचेच चालले पाहिजे. ह्या नियमासाठी फार संयम लागतो, विशेषतः आपल्यासारख्या संगणकवाल्यांना.

पहिल्या दोन गोष्टी ह्या वर्षापुरत्या मान्य झाल्या आहेत. तिसरीला सात-आठ माणसे लागतील. आतापर्यंत चार नावे आली, त्यांत दोन हायस्कूलमधली मुले आहेत आणि त्यांना मराठी बोलता येते. एडिसन आणि प्लेन्सबरो ह्या भागांसाठी अजून कुणी नाही. गाडी चालवता येणारे हवे.